कोडेआजोबांचा पाहुणचार

८ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद आधी घे, मग खुर्चीत नीट बसून पुढचं वाच. बुटकी चालू झाली!

काल दुपारी चित्रकारबाईने आणि मी तिला वर्कशॉपमधल्या जुन्या टीव्हीला जोडलं, बटण दाबलं आणि पडद्यावर एक निळा चौकोन आला. नुसता चौकोन. पण दांडी फिरवली की तो डावीकडे जायचा, उजवीकडे जायचा. चित्रकारबाई एरवी कशालाच बरं म्हणत नाही, ती चक्क टाळ्या पिटायला लागली. मी मात्र बावळटासारखी रडले. तुझ्या ताईने स्वतःच्या हाताने गेम कन्सोल बनवला, बारक्या. दुरुस्त केला नाही, बनवला.

तुमच्या थोरल्या कंपनीचे कन्सोल दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग तुम्ही बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग देणं बंद केलंत आणि माझं दुकान बसलं. तुला बोल लावत नाही, तू आपला खेळ तपासायच्या टेबलावरचा माणूस. पण आता माझ्याजवळ बुटकीशिवाय काही उरलेलं नाही. चित्रकारबाईने तर चांगली नोकरी सोडली. बुटकी दुकानात लागली तर आम्ही आहोत, नाही लागली तर या वयात कुणाच्या दारात काम मागायला जायचं?

गंमत बघ. दुकानदार म्हणतो, आधी चांगला खेळ दाखवा, मग फळीवर जागा देतो. खेळ बनवणारे म्हणतात, आधी किती घरांत तुमचा कन्सोल आहे ते सांगा. आणि लोक म्हणतात, दुकानात दिसला तर घेऊ. तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मी मध्ये उभी.

कागदावर लिहिते आहे, कारण तुझा फोन कंपनीचा आणि ईमेलही कंपनीची. पोस्टमनवर माझा अजून विश्वास आहे.

तुझी
ताई


२१ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार केला आहे असं समज. खरंच वाकलो तर कंबर परत सरळ होणार नाही, इतकं हल्ली बसून काम असतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हसलो, मग जरा धास्तावलो. ताई, तुझ्याआधी बरेच जण या वाटेने गेले आहेत. चांगली यंत्रं होती त्यांची. आमची कंपनी कन्सोल तोट्यात विकते आणि खेळांवर तो तोटा भरून काढते, हे तुला माहीत आहे. तोटा सोसायची ताकद ज्याच्याकडे आहे त्याच्याशी तू स्वस्ताईची शर्यत लावू शकत नाहीस. मी तुला नाउमेद करत नाही, पण कुणीतरी बोलायला हवं.

माझीही एक बातमी आहे. माझा मजला बदलला. आता खेळ तपासत नाही. वरच्या मजल्यावर पाहुणचार विभाग म्हणून आहे, तिथे घेतलं. नाव विनोदी आहे ना? बाहेरून भेटायला येणाऱ्यांची व्यवस्था बघायची, चहापाणी, गोड बोलणं. गालिचा इतका जाड आहे की स्वतःच्या पावलांचा आवाज येत नाही. आमच्या मॅडम कधी आवाज चढवत नाहीत.

बुटकीसाठी खेळ कोण बनवतंय? सहज विचारतो.

तुझा
बारक्या


४ फेब्रुवारी

बारक्या,

म्हणजे एवढं शिकून तू शेवटी चहा द्यायलाच लागलास! आईला सांगितलं तर म्हणाली, घरी कधी कपसुद्धा विसळला नाही. असो, गालिचा तरी चांगला मिळाला.

खेळ जोडगोळी करते आहे. तेच दोघे भाऊ, मागे तुमच्याकडे ज्यांचा खेळ तू तीनदा परत पाठवला होतास. तुमच्या अटींनी त्यांच्या नाकी नऊ आले होते. मी म्हटलं, बाबांनो, माझ्याकडे एकच अट, खेळ चांगला हवा. धाकटा म्हणाला, ‘ताई, तुम्ही यंत्र द्या, आम्ही जीव ओततो.’ तोंडी ठरलं आहे, कागद पुढच्या महिन्यात करू. हे दोघे आले की दुकानदारही येतील, कारण त्यांचं नाव आहे.

मला शर्यत नाही रे लावायची. एका फळीचा एक कोपरा हवा आहे. तेवढ्याने कुणाचं काय बिघडतं?

ताई


१ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते, कारण डोकं भणभणलं आहे.

जोडगोळी गेली. परवा दोघे वर्कशॉपमध्ये आले, बसले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. थोरल्या कंपनीशी करार झाला म्हणे. पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या कुठल्याही कन्सोलसाठी एक रेघही ओढायची नाही. मी विचारलं, तुम्ही माझं काम करताय हे त्यांना कुठून कळलं? मोठा दाराकडे वळला. धाकटा बिचारा ओशाळून म्हणाला, ‘काय सांगू ताई, आमचा फार छान पाहुणचार झाला.’

हा शब्द मी महिन्याभरात दुसऱ्यांदा ऐकला. पहिल्यांदा तुझ्या पत्रात वाचला होता. तुझ्या विभागात ते आले होते का? तू त्यांना चहा दिलास का, बारक्या?

नसेल. मी पण काहीच्या काही लिहिते. रागावू नकोस.

ताई


९ मार्च

ताई,

रागावलो नाही. कामात होतो.

जोडगोळीचं ऐकलं. वाईट वाटलं, खरंच. पण धंद्यात असं चालतं. कंपनी मोठी आहे, तिच्या कानावर गोष्टी आपोआप जातात. ‘पाहुणचार’ या शब्दाचं म्हणशील तर आमच्याकडे कुणालाच प्रतिस्पर्धी म्हणत नाहीत. नवीन कन्सोल काढणारा जो कोणी असेल त्याला ‘पाहुणा’ म्हणतात. मॅडम म्हणतात, पाहुण्याला कधी दुखवायचं नाही, फक्त मुक्काम करू द्यायचा नाही. सगळे हसतात. मीही हसलो होतो.

माझं ऐकशील? एकदा मॅडमना भेट. त्या तुझं यंत्र विकत घेतील, नाव घेतील, तुला एखादं टेबल देतील. आत्ता भेटलीस तर चहा मिळेल. उशीर झाला की नुसता निरोप मिळतो.

आणि जोडगोळी नाही तर आता खेळ कोण करणार?

बारक्या


१७ मार्च

बारक्या,

काळजी करू नकोस, देव पावला. खेळ करायला माणूस मिळाला आणि तोही असा की जोडगोळीने त्याचे पाय धरावेत.

आम्ही त्यांना कोडेआजोबा म्हणतो. जन्मभर वर्तमानपत्रांना कोडी पुरवली. फोन बाळगत नाहीत, कुणाला भेटत नाहीत, बोलताना दर वाक्याला खोकतात आणि सगळं डाव्या हाताने लिहितात. समोरच्याला, मग तो पन्नाशीचा का असेना, ‘बाळा’ म्हणतात. नदीपलीकडे विटांच्या गल्लीत शेवटच्या घरात राहतात, हिरवं दार. खेळ असा, की एक अंधारं घर आहे. सामान सरकवत सरकवत खिडकीतला उजेड शेवटच्या खोलीपर्यंत न्यायचा. ऐकायला साधं वाटतं, पण मी काल बसले ती जेवायची विसरले. चित्रकारबाई फक्त रंग भरते. बाकी खेळ सगळा त्यांचाच, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत.

कागद अजून केलेला नाही. हे फक्त तुला सांगते आहे. आईलाही सांगितलेलं नाही.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

नदीपलीकडच्या विटांच्या गल्लीत शेवटच्या घरात चित्रकारबाईची मावशी राहते. हिरवं दार तिचं. काल सकाळी तिच्या दारात दोन नीटनेटकी माणसं उभी राहिली, हातात फुलांचा गुच्छ. म्हणाली, ‘आजोबांना भेटायचं होतं, आम्ही त्यांच्या कोड्यांचे चाहते.’ मावशी म्हणाली, ‘कोण आजोबा?’ आणि दार लावून घेतलं. गुच्छ पायरीवर ठेवून गेली. त्याला लावलेल्या चिठ्ठीवर तुमच्या कंपनीचं चिन्ह आहे.

कोडेआजोबा नाहीत. कधी नव्हतेच. मी त्यांना एका संध्याकाळी बसून घडवलं, खोकल्यासकट, आणि जगात फक्त एका माणसाला सांगितलं.

लिहिताना देवाला विनवत होते की कुणी येऊ नये. वाटत होतं, महिना जाईल, कुणी येणार नाही आणि मी तुझ्यावर संशय घेतला म्हणून स्वतःच्याच मुस्कटात मारून घेईन. किती आनंदाने मारून घेतली असती.

तुला सायकल शिकवताना तुझ्यामागे धावून माझे गुडघे फुटले होते रे. तू मला विकलंस?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.


६ एप्रिल

ताई,

विकलं नाही. पण जे केलं त्याला दुसरा कुठला शब्द वापरू ते मला सुचत नाही.

जानेवारीत तुझं पत्र यायच्या आधीच बुटकीची फाईल आमच्या विभागात आली होती. तू चिपच्या कारखान्यात चौकशी केलीस त्याच दिवशी त्यांनी आम्हाला कळवलं. फाईल दुसऱ्या कुणाकडे जाणार होती. मी त्या माणसाचं काम पाहिलं आहे. त्याचा मागचा पाहुणा आता दार वाजलं तरी उघडत नाही. म्हणून मी हात वर केला आणि फाईल मागून घेतली. वाटलं, माझ्या हातून होईल तर हळुवार होईल. एकेक दार आधीच बंद झालं तर तू लवकर थांबशील आणि मॅडमकडून चार चांगल्या गोष्टी पदरात पाडून घेशील. ताईला सांभाळतोय असंच मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

आता एक नीट वाच. आजोबा नाहीत हे मी वर सांगितलेलं नाही. मावशींनी दार लावून घेतलं म्हणजे ते नक्की आतच आहेत, असं मॅडमचं मत झालं आहे. खेळ ज्याच्या हातात आहे त्याला गाठल्याशिवाय त्या दुकानदारांकडे किंवा चिपवाल्यांकडे हलत नाहीत, ती त्यांची पद्धत आहे. आजोबा सापडत नाहीत तोवर तुझ्या बाकीच्या दारांना कुणी हात लावणार नाही.

आजोबाच नाहीत हे वर कळलं तर आजच सगळं सुरू होईल. काय करू, सांग.

बारक्या


१२ एप्रिल

बारक्या,

मग आजोबांना जगव.

तुला माफ केलेलं नाही. ते कधी जमेल माहीत नाही, जमेल तेव्हा कळवीन. पण तू माझा भाऊ आहेस आणि आत्ता मला खोटं बोलणारा भाऊ हवा आहे.

अंधाऱ्या घराचा खेळ खरा आहे. तो माझा आणि चित्रकारबाईचा. जोडगोळी गेली त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी पदर खोचला. शेवटच्या दोन खोल्या राहिल्या आहेत. स्टेशनाजवळच्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानाचा मालक परवा येऊन खेळून गेला. उठेचना. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला काचेच्या दारासमोरची फळी देतो म्हणाला. कोपरा नव्हे, फळी! चिपही तोवर पोचतात. एवढे दिवस काढून दे.

आजोबांना मुलीकडे पाठव, दवाखान्यात पाठव, रुसून बसव. म्हातारा माणूस आहे, कारणांना काय तोटा.

ताई


३० एप्रिल

ताई,

आजोबा आपल्या दोघांपेक्षा व्यवस्थित जगताहेत. आधी त्यांना हवा बदलायला पाठवलं. तिथे आमची माणसं पोचायच्या आत ते जावयाशी भांडून निघाले. मग मोतीबिंदू. तू हसशील, पण लिहिता लिहिता मला त्यांचा लळा लागला. परवा अहवालात लिहिलं की ते चहा बशीत ओतून पितात आणि शेवटचा घोट तसाच ठेवतात. मॅडमना ते फार आवडलं.

मध्ये त्यांना जरा शंका आली होती. मग मी तुझं मार्चमधलं पत्र फाईलला लावलं. तुझ्या अक्षरात आजोबा इतके जिवंत आहेत की शंकेला जागाच उरली नाही. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, ‘छान लिहितात तुमच्या ताई.’

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. आठवडाभर झाला, मॅडम आजोबांचा पत्ता विचारत नाहीत. माणसंही परत बोलावली आहेत. त्या आता आजोबा कसे बोलतात ते विचारतात. उंची केवढी, टोपी घालतात का, सही करताना चष्मा लावतात का. मी सांगतो आणि त्या लिहून घेतात.

तू तुझी तयारी जमेल तेवढी पुढे ओढ.

बारक्या


११ मे

बारक्या,

कसली सही? न जन्मलेल्या माणसाचा चष्मा त्यांना कशाला हवा? तुझं पत्र मी चित्रकारबाईलाही वाचून दाखवलं. ती म्हणते, मी उगाच घाबरते, मोठ्या कंपनीत रिकामटेकडे पुष्कळ असतात.

खोकी भरून झाली. खेळ पुरा झाला. काल आईला खेळायला बसवलं. तिने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. कपाट सरकवलं, आरसा वळवला आणि शेवटच्या खोलीत उजेड पडला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, ‘हे तू केलंस?’ मी हो म्हटलं. बारक्या, आयुष्यात एवढं छान हो मी कधी म्हटलं नव्हतं.

दुकानदाराने फळी पुसून रिकामी करून ठेवली आहे. आता थोडेच दिवस. तोवर म्हाताऱ्याला सांभाळ.

ताई


१८ मे

ताई,

आजोबा सापडले.

आज दुपारी मॅडमनी मला चहाच्या खोलीत बोलावलं. खिडकीजवळच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. टोपी, जाड भिंगांचा चष्मा. मला बघून खोकला आणि म्हणाला, ‘ये बाळा, बस.’ समोर बशी होती आणि कपात शेवटचा घोट तसाच होता.

मॅडमनी ओळख करून दिली. अंधाऱ्या घराचा खेळ यांचा, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत. आजच त्यांनी तो आपल्या कंपनीला दिला. टेबलावर करार होता, डाव्या हाताची सही, शाई ओली. शेजारी तुझं पत्र. ‘खेळ सगळा त्यांचाच’ या ओळीखाली कुणीतरी पट्टी धरून रेघ ओढली आहे. खाली माझे अहवाल, दर पानावर माझी सही. त्या माणसाचा जन्म आपणच लिहून दिला आहे, ताई, दोघांनी मिळून. मी ओरडून सांगणार होतो की हा माणूस जगात नाही. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की तो आहे याची जेवढी साक्ष आहे ती सगळी आपल्या घरातून गेली आहे. मॅडम शांतपणे माझ्याकडे बघत होत्या. कधीपासून त्यांना ठाऊक होतं, मला कळत नाही. बहुतेक मावशींनी दार लावलं तेव्हापासून.

स्टेशनाजवळच्या दुकानात उद्या सकाळी वकिलाची नोटीस पोचेल. हा खेळ दुसऱ्याच्या मालकीचा आहे, तो भरलेलं एकही यंत्र विकायचं नाही. चिपवाल्यांनाही तेच गेलं आहे. तुझ्याकडे कोणी येणार नाही, गुच्छही नाही. फाईलवर आज ‘निरोप’ असा शिक्का पडला.

मी राजीनामा दिला. मॅडमनी तो घेतला आणि म्हणाल्या, तुमचं काम उत्तम होतं.

बाहेर पडताना लिफ्टपाशी तो म्हातारा उभा होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला वाटलं, आता तरी हा चष्मा काढेल, खोकणं थांबवेल, नजर चुकवेल. त्याने माझा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाला, ‘बाळा, तुझ्या ताईला सांग, माझा खेळ तिने स्वतःचा म्हणून सांगितला, तरी मी तिच्यावर रागावलेलो नाही.’

बारक्या